काकांच्या स्कॅनमधलं लहान मुलाचं हृदय

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचते आहे, पण करमणूक म्हणून. पांढरी साडी, उलटे पाय, घाटात लिफ्ट मागणारी बाई… चहा पिता पिता वाचायचं, मैत्रिणीला पाठवायचं आणि दोघींनी मिळून हसायचं. आज मीच लिहायला बसले आहे म्हटल्यावर ती मैत्रीण म्हणाली, "आता आमची पाळी." हसा की. मला काडीचा फरक पडत नाही.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं वाचताना 'असेल कुणीतरी भोळी बाई' असं वाटायला नको. आमचं घर बौद्ध, गाव घोटावडे, तालुका मुळशी. भूतखेत, अंगारा, नजर काढणं, असलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. तिठ्यावर कुणी उतारा टाकला की माझे वडील त्यातला नारळ उचलून सरळ घरी आणायचे आणि आई त्याची चटणी वाटायची. ती चटणी खाऊन आम्ही बहीण-भाऊ मोठे झालो, आणि आमच्या पोटातसुद्धा कधी दुखलं नाही. तर अशा चटणीवर वाढलेली बाई मी.

मी सी.टी. स्कॅनची टेक्नॉलॉजिस्ट आहे. राहते सूसला, नोकरी बाणेरच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात. नाव सांगणार नाही, कारण त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नाही. आमच्याकडे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन होतो. हातातल्या शिरेतून औषध सोडायचं, ते हृदयापर्यंत पोचलं की मशीन फिरतं आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या पडद्यावर उजळून दिसतात. हे काम मी इतकी वर्षं करते आहे की पडद्यावर छातीचा आडवा काप दिसला की माणूस साधारण किती वयाचा, तंबाखू ओढणारा की नाही, हे मी चेहरा न बघता सांगते. बढाई नाही ही. भाजीवाल्याला वांगं हातात घेतल्यावर कळतं तसंच आहे.

ही गोष्ट भातलावणीच्या दिवसांतली. शनिवार होता. दुपारी शेवटचा पेशंट म्हणून एक काका आले. साठीच्या पुढचे, ढेरी सुटलेली, रिटायर्ड क्लार्क. टेबलावर झोपल्यावरसुद्धा त्यांची बडबड थांबेना. "मॅडम, मशीन अडकलं तर बाहेर काढाल ना?" मी म्हटलं, "काका, आजपर्यंत कुणी आत राहिलेलं नाही. आता बोलू नका, मी सांगितलं की श्वास रोखा." बिचाऱ्यांनी रोखला. स्कॅन छान झाला.

आता माझी एक सवय सांगते. पेशंट टेबलावरून उतरायच्या आधी मी सगळे काप एकदा वरपासून खालपर्यंत भरभर बघून घेते. हललेलं असेल, औषध नीट पोचलं नसेल, तर तिथल्या तिथे कळतं. माणसाला परत बोलवावं लागत नाही. त्या दिवशीही तसंच माउसचं चाक फिरवत खाली चालले होते आणि… हात थांबला.

पडद्यावर काकांची छाती नव्हती. लहान मुलाची छाती होती.

कशावरून म्हणाल, तर ऐका. बरगड्या काडीसारख्या बारीक. पाठीच्या मणक्याचा आकार लहान मुलाचा. आणि लहान मुलांच्या छातीत हृदयाच्या पुढ्यात एक ग्रंथी असते, थायमस म्हणतात तिला. मोठेपणी ती आक्रसून जाते. ती तिथे चांगली पसरलेली दिसत होती. साठीच्या माणसाच्या छातीत थायमस! वरच्या कोपऱ्यात नाव मात्र काकांचंच होतं. वयही काकांचंच.

आणि त्या इवल्याशा हृदयाची उजवी वाहिनी… ती हृदयाच्या कडेने खाली उतरून मागे वळते ना, तिथे खालच्या अंगाला तिच्यावर फुगे आले होते. एकापाठोपाठ एक, मोठाले. वेलावर कोवळे भोपळे धरावेत तसे. मी पुढे सरकले, मागे आले, परत पुढे गेले. म्हणजे एकच काप नव्हे, पुष्कळ काप मी पाहिले. आतून काकांचा आवाज आला, "मॅडम, झालं का?" मी "हो काका" म्हणून काचेकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं, तर काकांची छाती. भरपूर चरबी, वाहिन्यांवर चुन्यासारखे पांढरे ठिपके. जशी असायला हवी तशीच.

मी घाबरले नाही. मला राग आला. मशीनने डेटा मिसळला असेल तर ती भयंकर गोष्ट आहे, उद्या एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला जाईल. मी आमच्या रेडिओलॉजिस्ट सरांना बोलावलं. त्यांनी सगळा स्कॅन पाहिला. मूळ डेटा परत उलगडून पाहिला. काहीच नाही. "लहान मुलाचा हार्ट स्कॅन आपल्या मशीनवर झालाय कधी अलीकडे?" त्यांनीच विचारलं. झाला नव्हता. आमच्याकडे मोठ्यांचंच काम जास्त. "जेवलीस का तू?" ते म्हणाले. जेवले होते हो! पोळी-भाजी, वर ताक. उपाशीपोटी भास होणाऱ्यांतली मी नाही.

सर गेले आणि मी पर्स उचलली, तेवढ्यात फोन वाजला. सोनालीचा, माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचा. हा क्रम लक्षात ठेवा. आधी ते चित्र, मग फोन. यावरून माझ्याशी फार लोक भांडलेत.

सोनाली म्हणाली, "ताई, यशूचा ताप उतरंना बघा. औषधानं तेवढ्यापुरता उतरतो न् परत चढतो. डोळं निस्तं लाल झाल्यात."

यशू म्हणजे माझी भाची, यशोधरा. तेव्हा सहावं लागलं होतं तिला. तिला ताप आहे हे मला आधीच्या आठवड्यात कळलं होतं. डॉक्टरांनी व्हायरल सांगितलं होतं, आणि त्या दिवसांत निम्म्या तालुक्याला व्हायरल होता. मीही 'उतरेल' म्हणून सोडून दिलं होतं.

"आन् आता हातापायाच्या बोटांची सालटी निघत्यात," सोनाली म्हणाली. "आई म्हणत्यात चिखल्या हायेत. हळद-तेल लावलंय."

चिखल्या आमच्याकडे लावणीत सगळ्यांनाच होतात. दिवसदिवस भातखाचरात उभं राहायचं, पाय कुजतात, कातडं सुटतं. आजारी पडायच्या आधी यशू रोज शेजारच्या कमलकाकूंच्या खाचरात लोळत होती. म्हणजे चिखल्याच असणार, नाही का? घोटावड्यात कुणालाही विचारा, हेच सांगेल. मीही 'बरं' म्हणून फोन ठेवला असता. पण डोळ्यांसमोर ते फुगे होते.

मी विचारलं, "सालं कुठून निघतायत? बोटांच्या बेचक्यातून, का नखापासून?"

ती बघायला गेली. परत आली. "नखापासनं. टोकाकडनं सुटल्यात. हाताची बी तशीच."

"ओठ?"

"फुटल्यात. जीभ लालभडक झालीय. ताई, काय झालंय?"

"मी येते," म्हणून मी फोन ठेवला. शिकत असताना मी मुलांच्या हॉस्पिटलात काही महिने काढले होते. लहान मुलांना एक आजार होतो, कावासाकी. ताप हटत नाही, डोळे लाल, जीभ लाल, मग बोटांच्या टोकांची सालं निघतात. आई-बापांना वाटतं साधा ताप. खरी भानगड आतमध्ये असते. हृदयाच्या वाहिन्या सुजतात, आणि वेळेत औषध मिळालं नाही तर त्यांना फुगे येतात. फुग्यात रक्त गोठलं तर पाच वर्षांच्या लेकराला हार्ट अटॅक. औषध आहे, चांगलं आहे. पण ते लवकर द्यावं लागतं, आणि यशूचा ताप दुसऱ्या आठवड्यात शिरला होता.

नांदे-चांदे मार्गे गाडी हाणली. पिरंगुटच्या रस्त्याने गेले असते तर ताम्हिणीला भिजायला निघालेल्या गाड्यांत अडकले असते. खड्डे, चिखल, मध्ये म्हशी. तोंडाने शिव्या चालू होत्या माझ्या, कुणाला ते विचारू नका.

घरी प्रवीण, माझा भाऊ, नुकताच कंपनीतून आला होता. यशू गोधडीत पडली होती. एरवी मला बघून अंगावर उडी मारणारी पोरगी मान वळवून रडायला लागली. मी तिचे हात पाहिले. बोटांची टोकं सोललेली, खालून गुलाबी कातडं. जीभ पाहिली. म्हटलं, "चल, आत्ता निघायचं."

प्रवीण म्हणाला, "कुटं? डॉक्टर म्हणलेत व्हायरल हाय. सोमवारी परत दाखवू."

"सोमवारपर्यंत थांबायचं नाही."

"ताई, तू डॉक्टर हायेस का? फोटू काढतीस तू."

"व्हय, फोटोच काढते. पण कशाचे काढते ते कळतं मला."

त्याला राग आला, मलाही आला. आमच्याकडे भांडण म्हणजे शेजाऱ्यांना आमंत्रणच. कमलकाकू ओल्या पायांनीच आल्या. त्यांचं शेत आमच्या घराला लागून. आमच्या आईची आणि त्यांची मैत्री जुनी. त्या दाराशीच उभ्या राहून म्हणाल्या, "पोरगी आमच्या खाचरात पडली व्हती गं. औंदा राखण दिली न्हाई आमी. जमिनीच्या खरेदीखताच्या नादात ऱ्हाऊनच गेलं. माजंच चुकलं. उद्याच्याला कोंबडं देती."

राखण म्हणजे शेताच्या राखणदाराला लावणीत द्यायचा मान. काकूंचा जीव आहे यशूवर, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी म्हटलं, "काकू, कोंबडं कापायचं तर खुशाल कापा. चांगला रस्सा करा, पोरगी बरी झाली की सगळे येऊन खाऊ. पण मी आत्ता निघाले." आणि यशूला गोधडीसकट उचललं. सोनाली लगेच चपला घालून माझ्यामागे आली. सोनालीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. प्रवीण अंगणात दोन मिनिटं धुमसत उभा राहिला, मग येऊन पुढच्या सीटवर बसला.

सरळ मुलांचं हॉस्पिटल गाठलं. तिथे ओळखीने मुलांच्या हृदयाच्या डॉक्टर मॅडम भेटल्या. शांत बाई. त्यांनी यशूला तपासलं आणि लगेच म्हणाल्या, "हो, कावासाकीची शंका घ्यायला हवी. पण सगळी लक्षणं बसत नाहीत. इको करू."

इथे थोडं समजावून सांगते, कारण लोकांना वाटतं मशीन लावलं की सगळं दिसतं. तसं नसतं. इको म्हणजे सोनोग्राफीच, हृदयाची. किरण नाहीत, सुई नाही, म्हणून लेकरांना पहिली तीच. वाहिन्या जिथून निघतात ती मुळं इकोत छान दिसतात. पण त्या पुढे जाऊन हृदयाच्या मागच्या अंगाला वळतात, तिथलं दिसणं कठीण, आणि लेकरू रडत-तडफडत असेल तर विचारायलाच नको. सी.टी.त शेवटपर्यंत दिसतं, पण एक्स-रेचे किरण जातात आणि शिरेतून औषध सोडावं लागतं, म्हणून उठसूट करत नाहीत. एम.आर.आय.त किरण नाहीत, पण तो फार वेळ चालतो. एवढ्या लहान पोराला भूल द्यावी लागते. आणि मांडीतून तार घालून करतात ती अँजिओग्राफी, ती अगदीच गरज पडली तर. म्हणजे प्रत्येक खिडकीतून घराचा वेगळा कोपरा दिसतो.

यशू किंचाळत होती. सोनालीने तिचे पाय धरले होते, मी डोकं. मॅडमनी चिकाटीने दोन्ही वाहिन्यांची मुळं पाहिली. मोजमाप घेतलं. "सध्या नॉर्मलच्या आत आहे," त्या म्हणाल्या. "भरती करू, रक्ताचे रिपोर्ट येऊ देत, उद्या झोपेचं औषध देऊन परत नीट बघू. मग ठरवू." यात त्यांचं काही चुकत होतं असं मी अजिबात म्हणणार नाही. शंभरातला कुठलाही समंजस डॉक्टर हेच म्हणाला असता. प्रवीणने सुटकेचा श्वास सोडला.

मी म्हटलं, "मॅडम, उजवीची खालची बाजू बघा ना. मागे वळते तिथे."

"बाळ हलतंय खूप. उद्या बघूच."

"आत्ता बघा. बरगड्यांच्या खालून बघा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "का? तिथेच का?"

काय सांगणार होते मी? काकांच्या पोटातून… चुकले, छातीतून पाहून आले म्हणून? मी म्हटलं, "मी विनंती करते. एकदाच. मग मी गप्प बसते."

प्रवीण म्हणाला, "ताई, आता पुरे." मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मॅडमनी परत जेल लावली आणि प्रोब बरगड्यांच्या खाली टेकवला. यशू रडून रडून दमली होती, नेमकी त्याच वेळी शांत पडली. मॅडमचा हात हळूहळू तिरका झाला. थांबला. त्यांनी चित्र गोठवलं, मोजलं, परत मोजलं.

"इथे आहे," त्या म्हणाल्या. "लहान आहे. सुरुवात आहे. पण आहे."

त्या संध्याकाळीच औषध सुरू झालं. इम्युनोग्लोब्युलिन, थेंबथेंब शिरेतून जातं. बरोबर अ‍ॅस्पिरिन. ताप दुसऱ्या दिवशी उतरला तो परत चढला नाही. यशूने डोळे उघडून पहिली मागणी केली ती चकलीची. प्रवीण वॉर्डच्या बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता. मी जवळ गेले तर म्हणाला, "मी सोमवारपर्यंत थांबलो असतो, तायडे." मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. दुसरं काय करणार.

मग सुरू झाली माझी उलटतपासणी. मी काहीही लपवलं नाही, तोच माझा गुन्हा. सरांना सांगितलं, ते म्हणाले, "भाची आजारी आहे हे तुझ्या डोक्यात होतं. मनाने चित्र बनवलं." ठीक आहे, सर. मनाने बनवलं असेल. पण मला तेव्हा ठाऊक होतं ते व्हायरल. मनाला कावासाकी कुणी सांगितलं? आणि उजवी वाहिनी, खालचं अंग, हे कुणी सांगितलं? मग प्रवीण म्हणाला, फोन आधी आला असेल आणि तू विसरली असशील. मी त्याला मोबाइल दाखवला. स्कॅन झाल्याची वेळ मशीनवर असते, फोनची मोबाइलवर. फोन नंतरचाच. कंपनीचा इंजिनिअर येऊन मशीनचा कोपरान् कोपरा तपासून गेला. लहान मुलाचं एकही चित्र त्यात नव्हतं.

कमलकाकूंना विचाराल तर प्रश्नच मिटला. "राखणदारानंच दाखीवलं तुला," त्या अजून म्हणतात. मी म्हणते, "काकू, राखणदाराला बाणेरच्या हॉस्पिटलचा पत्ता कुणी दिला?" तर म्हणतात, "त्याला समदं ठावं असतंय." त्यांनी कोंबडं दिलंच. आम्ही रस्सा खाल्लाच. फर्मास झाला होता.

सगळ्यात जास्त राग मला आमच्याच लोकांचा आला. विहारात वंदनेनंतर एक ज्येष्ठ गृहस्थ बाजूला घेऊन म्हणाले, "सुजाता, असलं बाहेर बोलत जाऊ नको. आपल्या माणसांनी असल्या गोष्टी सांगितल्या तर लोक काय म्हणतील? इतक्या वर्षांचं आपलं काम वाया जाईल." मी त्यांचा मान ठेवते, पण तेव्हा ठेवला नाही. म्हटलं, "काका, मी कुठल्या देवाचं नाव घेतलं का? नवस बोलले का? जे डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगितलं, आणि त्याचं कारण मला माहीत नाही, हेही सांगितलं. डोळ्यांनी पाहिलेलं झाकून ठेवायचं, ही कुठली प्रतिज्ञा घेतली आपण?" मला वाईट वाटलं नंतर, पण शब्द मागे घेणार नाही.

एकट्या डॉक्टर मॅडम वेगळं बोलल्या. मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ पेन टेबलावर आपटत बसल्या. मग म्हणाल्या, "हे मी कुठे लिहू शकत नाही. पण तुम्ही म्हणालात म्हणून मी त्या दिवशी तिथे पाहिलं, हेही खरं आहे. दुसऱ्या दिवशी दिसलं असतंच कदाचित. कदाचित नसतंही." त्यांच्या तोंडून 'कदाचित' ऐकून मला बरं वाटलं.

वर्ष उलटलं. दर काही महिन्यांनी इको होत होती, मुळं छान दिसत होती. पण यशू वाढत होती, आणि नेमकी ती खालची जागा नीट दिसेना. तिला शाळेत पळायच्या शर्यतीत भाग घ्यायचा होता. रोज विचारायची, "आत्या, मी कधी पळू?" वर्षभर तिला धावू दिलं नव्हतं कुणी. मॅडम म्हणाल्या, एकदा सी.टी. करून शेवटपर्यंत बघून घेऊ. फुगा गेला असेल तर औषधही थांबवता येईल आणि पोरगी पळायला मोकळी. नसेल गेला, मोठा झाला असेल, तर मग पुढचा रस्ता लांबचा आहे.

स्कॅन आमच्याच मशीनवर ठरला. सर म्हणाले, तू बाहेर बस, दुसरं कुणी करेल. मी म्हटलं, मीच करणार.

यशूला आठवडाभर श्वास रोखायचा खेळ शिकवला होता. टेबलावर शहाण्यासारखी झोपली, दोन्ही हात डोक्यावर. सोनाली माझ्या शेजारी काचेला चिकटून, प्रवीण तिच्या मागे. सर माझ्या खुर्चीच्या पाठीशी. मी माइकवर म्हटलं, "यशू, श्वास घे… रोख." मशीन फिरलं, थांबलं. काप पडद्यावर यायला लागले.

आणि माउसवर माझा हात पुढे सरकेना.

वर्षभर मी जगाशी भांडले होते. मी पाहिलं ते खरं आहे, खरं आहे, खरं आहे. आता खरं-खोटं ठरायची वेळ आली होती. बारीक बरगड्या, थायमस, छोटंसं हृदय… सगळं तसंच सुरू झालं होतं, अगदी तसंच. म्हणजे आता खाली गेलं की ते फुगे दिसणार. मोठाले, एकापाठोपाठ एक. मी जिंकणार, आणि पोरगी हरणार. माझे सगळे लोक त्या खोलीत होते आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, मी खोटी ठरू दे. जन्मात पहिल्यांदा मला खोटं ठरायचं होतं.

सर हळूच म्हणाले, "चल, खाली जा."

मी चाक फिरवलं. उजवी वाहिनी कडेने उतरली, मागे वळली आणि… सरळ पुढे गेली. सडपातळ, स्वच्छ. जिथे मॅडमना ती सुरुवात दिसली होती तिथे जराशी रुंद, बस. मी तीनदा वर-खाली केलं. फुगे नव्हते.

सर म्हणाले, "बघितलंस? तू सांगायचीस ते चित्र हे नव्हेच."

"नव्हेच, सर," मी म्हटलं आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने रडले. आतून यशूचा आवाज आला, "आत्या, सोडू का श्वास?" विसरलेच होते मी तिला सांगायला. लेकरू तोंड फुगवून पडलं होतं तसंच.

यशू आता पळते. पहिली येत नाही, पण पळते.

आता राहिला तुमचा प्रश्न, जो मला सगळे विचारतात: मग ते काय होतं? मला माहीत नाही. सर म्हणतात, चित्र जुळलं नाही म्हणजे तो भासच, विषय संपला. प्रवीण म्हणतो, औषध मिळालं नसतं तर यशूचं हृदय जसं झालं असतं, ते तुला दिसलं. ऐकायला छान वाटतं, पण मी ते मानत नाही, कारण त्याला पुरावा नाही. न झालेल्या गोष्टीचं चित्र कुठलंही मशीन काढत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? ज्याला खरं कारण सापडेल त्याने येऊन मला सांगावं, मी पहिल्या बाकावर बसून ऐकेन. तोवर मी देवालाही जाणार नाही आणि 'भास झाला' असंही म्हणणार नाही. काकांच्या छातीत मी एक लहान मुलाचं हृदय पाहिलं, त्याच्यावर फुगे होते, आणि असं हृदय माझ्या माहितीतल्या कुठल्याही लेकराच्या छातीत आज नाही. तुम्ही मला खोटी म्हणा. यशूच्या बाबतीत मी खोटी ठरले, आणि त्याच्याइतकं चांगलं माझ्या आयुष्यात दुसरं काही घडलेलं नाही.